जनुकं, औषधं आणि मनाचे आजार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मनाच्या आजारांमागची जनुकं, त्यांच्या चाचण्या आणि जनुकोपचार यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. बहुतेक पत्रांत घोळत असलेला प्रश्न एकच आहे : चाचणी करू का? त्यासाठी आमचा निकष साधा आहे. अहवाल हाती आल्यावर औषध, डोस किंवा देखरेख यांतलं काही बदलणार असेल तर जरूर करा. काहीच बदलणार नसेल तर थांबा.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. मी ३३ वर्षांची आहे, मला कसलाही त्रास नाही. आम्हाला मूल हवं आहे. आधी माझी जनुकीय तपासणी करून घ्यावी असं घरच्यांचं म्हणणं आहे. कोणती तपासणी करू?

तुमची नको. करायचीच असेल तर आधी भावाची करा. आजारी व्यक्तीत नेमका कोणता दोष आहे हे ठाऊक नसताना निरोगी बहिणीची तपासणी केली, तर 'काही सापडलं नाही' या अहवालाचा अर्थच लावता येत नाही. भावात दोष सापडला, तरच तो तुमच्यात आहे का हे नेमकं शोधता येतं.

आता आकडे. आयुष्यभरात स्किझोफ्रेनिया होण्याचं सर्वसाधारण प्रमाण शंभरात एक किंवा त्याहून किंचित कमी आहे. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत ते शंभरात नऊच्या आसपास जातं, भाचे-पुतण्यांत तीन ते चार. तुमचं बाळ भावाचं भाचरू, म्हणजे शंभरातल्या शहाण्णव वेळा त्याला हा आजार होणार नाही. तुमच्या स्वतःच्या वाट्याचा धोकाही बराचसा मागे पडला आहे, कारण आजाराची सुरुवात बहुतेकदा किशोरवयाच्या अखेरीपासून तिशीच्या आसपासपर्यंत होते. स्त्रियांत ती थोडी उशिरा होऊ शकते, एवढं मात्र लक्षात असू द्या.

'स्किझोफ्रेनियाचं जनुक' असं एक काही नाही. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात ७६,७५५ रुग्ण आणि २,४३,६४९ निरोगी माणसांचा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा आजाराशी जोडलेल्या २८७ जागा सापडल्या. त्यातला एकेक बदल धोका अगदी थोडा वाढवतो, आणि असे कित्येक बदल निरोगी माणसांतही असतात. या सगळ्यांची बेरीज करून काढलेला गुणांक माणसामाणसांतल्या प्रवणतेतल्या फरकाचा जेमतेम सात टक्के हिस्सा सांगतो. संशोधनासाठी तो मोलाचा आहे, पण घरच्या निर्णयासाठी त्याचा उपयोग नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो विचारल्याशिवाय राहू नका. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असतो, त्याला २२क्यू११.२ डिलीशन म्हणतात. असा तुकडा गळालेल्या दर चार जणांपैकी साधारण एकाला पुढे स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम आजार होतो. भावाला जन्मतः हृदयदोष होता का? टाळू दुभंगलेली होती का, बोलणं नाकातून येतं का? लहानपणी कॅल्शियम कमी होऊन झटके आले होते का? शिकायला खूप जड गेलं का? यांतलं एखादंही उत्तर 'हो' असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे क्रोमोसोमल मायक्रोअॅरेची मागणी करा. त्यासाठी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतलं थोडंसं रक्त पुरतं, उपाशी राहावं लागत नाही. या चाचणीला गुणसूत्राचे गळालेले किंवा जादा झालेले तुकडे दिसतात. एका अक्षराचा बदल किंवा आपसात अदलाबदल होऊन दुसरीकडे जाऊन बसलेले तुकडे तिला दिसत नाहीत. त्यामुळे अहवाल 'नॉर्मल' आला तर तेवढाच प्रश्न निकालात निघाला असं समजा.

तुकडा गळालेला सापडलाच, तर भावाच्या उपचारात खरोखर फरक पडतो. कॅल्शियम आणि थायरॉइड नियमित तपासावं लागतं. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध द्यायचं झालं तर फिट येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून डोस सावकाश वाढवतात. दर दहांपैकी नऊ रुग्णांत हा दोष आईवडिलांकडून न येता नव्यानेच झालेला असतो. तरी मग तुमचीही चाचणी करायची, कारण ज्याच्यात तो असतो त्याच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

समुपदेशक हे सारं समजावताना बरणीचं चित्र काढतात. तळाशी जन्मतः आलेले गोळे, त्यावर आयुष्यात पडत जाणारे गोळे, आणि बरणी काठोकाठ भरली की आजार. तळाचे गोळे काढता येत नाहीत, पण वरचे कमी ठेवता येतात. तुमच्या घरात यातला सगळ्यात मोठा गोळा गांजाचा असेल. २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आलेल्या अभ्यासात, तीव्र गांजा रोज ओढणाऱ्यांत भास-भ्रम होणाऱ्या मनोविकाराची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट दिसली. मूल वाढत्या वयाचं झालं की हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा.

प्रश्न : मुलीने लाळेच्या किटवरून तपासणी केली. अहवालात 'नैराश्याचा धोका : उच्च' आणि 'सेरोटोनिन वाहक जनुकाची आखूड प्रत' असं आहे. ती २१ वर्षांची आहे, तेव्हापासून घाबरून गेली आहे.

सेरोटोनिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन. त्याच्या जनुकाच्या आखूड प्रतीची ओळ खुशाल बाजूला ठेवा. २००३ मध्ये 'सायन्स'मधल्या एका शोधनिबंधाने तिला प्रसिद्धी दिली : आखूड प्रत आणि आयुष्यातले आघात एकत्र आले की नैराश्य येतं, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर नैराश्याशी जोडली गेलेली अशी १८ नावाजलेली जनुकं तपासली गेली. सहज उचललेल्या कुठल्याही जनुकांपेक्षा ती सरस ठरली नाहीत. किटवाल्या अहवालांत ही ओळ अजून छापली जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

'उच्च' या शब्दाबद्दल कंपनीला तीन गोष्टी विचारा : शंभरात नेमके किती, कुणाच्या तुलनेत, आणि हा गुणांक कोणत्या वंशाच्या लोकांवर बेतलेला आहे? २०१९ मधल्या एका मोजणीनुसार अशा अभ्यासांत भाग घेणाऱ्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. इतरांना तोच गुणांक लावला की तो आणखी ढिला पडतो. गर्भ निवडण्यासाठी असे गुणांक विकले जातात, त्यालाही हाच आक्षेप लागू होतो. युरोपातल्या मानवी जनुकशास्त्राच्या संघटनेने त्या वापराविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे.

किटसोबत मिळणारी कच्ची फाइल दुसऱ्या संकेतस्थळावर चढवून 'घातक बदल' शोधू नका. अशा फाइलींत दिसलेले बदल २०१८ मध्ये वैद्यकीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासले, तेव्हा ४० टक्के मुळात नव्हतेच. अहवालापेक्षा मुलीकडे लक्ष द्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटणं, कशातच रस न उरणं, झोप आणि भूक बिघडणं हे दिसलं तर डॉक्टरांकडे न्या. जीव नकोसा झाल्याचं बोलली तर त्याच दिवशी न्या आणि तिला एकटी ठेवू नका.

प्रश्न : नैराश्यावरची दोन औषधं मला लागू पडली नाहीत. आता डॉक्टर जनुकांवरून औषध ठरवणारी चाचणी सुचवत आहेत. तिने योग्य औषध कळेल का?

कुठलं औषध तुमच्या मनाला लागू पडेल हे ती सांगत नाही. औषध तुमच्या शरीरातून किती वेगाने बाहेर पडतं, एवढंच ती सांगते. यकृतातली सीवायपी२डी६ आणि सीवायपी२सी१९ ही दोन विकरं (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) नैराश्यावरची बरीचशी औषधं मोडतात. कुणात ती जवळजवळ निकामी असतात, मग नेहमीच्याच डोसने रक्तातली पातळी चढते आणि दुष्परिणाम होतात. कुणात ती फार जोरात चालतात, आणि गोळी नेमाने घेऊनही रक्तात पुरेसं औषध टिकत नाही.

एक ठोस उदाहरण घ्या. सीवायपी२सी१९ निकामी असेल तर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी सिटालोप्रामची कमाल मर्यादा दिवसाला २० मिलिग्रॅम ठरवली आहे, कारण त्यापुढे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. आम्लपित्तासाठी रोज ओमेप्राझोल घेणाऱ्यालाही हीच मर्यादा लागू होते, कारण ती गोळी हेच विकर दाबते. म्हणजे जनुक उत्तम असूनही विकर बंद पडू शकतं. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन सीवायपी२डी६ असंच दाबतात. अहवाल वाचताना डॉक्टरांसमोर सगळ्या गोळ्यांची यादी नसेल, तर अहवाल फसवतो. ही चूक वरचेवर होते आणि टाळायला अगदी सोपी आहे.

धूम्रपानाचंही तसंच. धुरातली काही रसायनं सीवायपी१ए२ या विकराला जोर देतात, त्यामुळे क्लोझापिन आणि ओलांझापिन लवकर मोडतात. सिगारेट सोडली की आठवडाभरात तो जोर ओसरतो आणि क्लोझापिनची पातळी धोकादायक चढू शकते. निकोटिनचा पॅच लावला म्हणून हे टळत नाही, कारण परिणाम निकोटिनचा नसून धुराचा असतो. सिगारेट सोडायचं ठरवलंत तर तारीख आधी डॉक्टरांना कळवा.

चाचणीने गुण किती येतो? २०२२ मध्ये 'जामा'त आलेल्या अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या अभ्यासात १,९४४ रुग्ण होते. २४ व्या आठवड्यात लक्षणमुक्त झालेल्यांचं प्रमाण चाचणीवाल्या गटात १७.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारात १६ टक्के होतं. फरक नगण्य आहे. म्हणून आधी हे तपासा : दोन्ही औषधं पुरेशा डोसमध्ये किमान चार ते सहा आठवडे घेतली होती का? मधले डोस चुकत होते का? थायरॉइड, दारू, कधी तरी येऊन गेलेला उन्मादाचा झटका, याची विचारपूस झाली का? हे सारं झालं असेल आणि अल्प डोसनेच तुम्हाला त्रास होत असेल, तर चाचणी कामाची आहे. प्रयोगशाळेला विचारा की सीवायपी२डी६च्या प्रती मोजता का. काहींत या जनुकाच्या दोनाऐवजी तीन-चार प्रती असतात. प्रती मोजल्या नाहीत तर विकर जोरात चालणारा माणूस सर्वसाधारण ठरतो.

आणि एक चाचणी औषधाआधी करायचीच : फिट आणि मनाच्या काही आजारांवर दिलं जाणारं कार्बामाझेपिन सुरू करण्यापूर्वी एचएलए-बी*१५:०२ या जनुकप्रकाराची. आशियाई वंशाच्या लोकांसाठी अमेरिकेने २००७ मध्येच हा इशारा दिला. हा प्रकार असलेल्यात हे औषध कातडी सोलवटून काढणारी जीवघेणी प्रतिक्रिया घडवू शकतं, आणि ती बहुधा पहिल्या दोन महिन्यांत येते. ताप, तोंडात फोड, डोळे लाल होणं, अंगावर दुखरे चट्टे दिसले तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालयात जा. चाचणी निर्दोष असली तरीही.

प्रश्न : सिकलसेल बरा करणारा जनुकोपचार आला असं वाचलं. माझ्या पत्नीला अनेक वर्षांपासून बायपोलर आहे. तिच्यासाठी असं काही कधी येईल?

बायपोलरसाठी, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजारासाठी, मंजूर झालेला जनुकोपचार नाही. तो येईल म्हणून आजचं औषध, मग ते लिथियम असो वा दुसरं, थांबवू नका.

सिकलसेलवरचा कॅसजेव्ही २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. त्यात रक्ताच्या मूळपेशी शरीराबाहेर काढतात, बीसीएल११ए या जनुकाचं रक्तपेशींपुरतं बटण कापून बंद करतात, केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करतात आणि दुरुस्त पेशी परत सोडतात. मग या जनुकाने दाबून ठेवलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. यात दोन गोष्टी पथ्यावर पडल्या : दोष एका जनुकाचा होता, आणि पेशी बाहेर काढता येत होत्या. बायपोलरमध्ये २०२५ च्या मोठ्या अभ्यासात १,५८,०३६ रुग्णांतून २९८ जागा पुढे आल्या. त्यातली कोणती दुरुस्त करायची? आणि मेंदूच्या पेशी तर बाहेर काढता येतच नाहीत.

तरीही मेंदूत जनुक पोचवणं आता शक्य झालं आहे, आणि ते कसं करतात हे पाहण्यासारखं आहे. एएडीसी नावाचं विकर जन्मतः नसलेली काही मुलं असतात. डोपामिन आणि सेरोटोनिन तयार होण्याची शेवटची पायरी या विकराची, त्यामुळे या मुलांना मानही धरता येत नाही. त्यांच्यासाठीचा उपचार युरोपात २०२२ मध्ये अपस्टाझा आणि अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये केबिलिडी या नावाने मंजूर झाला. निरुपद्रवी केलेल्या एएव्ही विषाणूत चालू जनुक भरतात. कवटीला छिद्रं पाडून मेंदूच्या पुटामेन या खोल भागात, दोन्ही बाजूंना दोन-दोन अशा चार जागी, ते सोडतात. एका जागी ०.०८ मिलिलिटर, आणि तेही मिनिटाला ०.००३ मिलिलिटर या गतीने, म्हणजे एकेका जागेला साधारण २७ मिनिटं. घाई केली तर द्रव सुईच्या कडेने मागे सरकतो आणि हव्या त्या पेशींत पोचत नाही. कवटी पुरेशी पक्व झालेली नसेल तर ही शस्त्रक्रिया करता येत नाही. नंतरच्या काही आठवड्यांत बहुतेक मुलांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात, कारण मेंदूला सवय नसलेलं डोपामिन अचानक मिळतं. डॉक्टर त्याची तयारी आधीच ठेवतात.

या तंत्राच्या मर्यादा समजून घ्या. एएव्हीमध्ये डीएनएची सुमारे ४,७०० अक्षरंच मावतात. एकदा दिल्यावर शरीर विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, त्यामुळे दुसरा डोस सहसा देता येत नाही. शिरेतून मोठा डोस दिला तर यकृताला इजा होऊ शकते. काही आजारांत जनुकाचं प्रमाणच जीवघेणं ठरतं : रेट सिंड्रोम या मेंदूच्या वाढीच्या आजारात एमईसीपी२ हे जनुक कमी पडतं, पण त्याची मात्रा दुप्पट झाली तर वेगळाच गंभीर आजार होतो. मनाच्या आजारांतल्या बहुसंख्य जनुकांबाबत 'नेमकं किती हवं' हेच अजून ठरलेलं नाही.

आशा आहे ती एकाच जनुकाने होणाऱ्या आजारांत. सप्टेंबर २०२५ मध्ये हंटिंग्टन या मेंदूच्या पेशी हळूहळू मारणाऱ्या आजारासाठीच्या एएमटी-१३० या जनुकोपचाराचे आकडे कंपनीने जाहीर केले. मोठा डोस मिळालेल्या १२ रुग्णांत तीन वर्षांत घसरण ७५ टक्के मंदावली, असं ते सांगतात. उमेद वाढवणारी गोष्ट आहे. पण रुग्ण मोजके आहेत आणि तुलना प्रयोगाबाहेरच्या रुग्णांच्या नोंदींशी केलेली आहे. जीआरआयएन२ए या जनुकाची एक प्रत निकामी असलेल्या, लहान वयात मनोविकार झालेल्या थोड्या रुग्णांना एल-सेरिन हे अमिनो आम्ल दिल्यावर बरं वाटल्याचंही २०२५ मध्ये नोंदलं गेलं. तिथे तुलनेसाठी ते न दिलेला गट नव्हता, म्हणून दुकानातून आणून घेऊ नका.

कुणी पत्नीसाठी 'जनुकोपचाराचा प्रयोग' पैसे घेऊन देऊ करत असेल तर नोंदणी क्रमांक, नैतिकता समितीची मंजुरी आणि पुढच्या देखरेखीचा लेखी आराखडा मागा. एएव्हीच्या प्रयोगांत पाच वर्षांपर्यंत आणि गुणसूत्रात कायमचं शिरणाऱ्या विषाणूंच्या प्रयोगांत पंधरा वर्षांपर्यंत रुग्णावर लक्ष ठेवण्याची शिफारस आहे. हे कागद नसतील तर तिथून निघा.

प्रश्न : आईने भोगलेले आघात जनुकांतून मुलांत उतरतात हे खरं का?

माणसांत हे सिद्ध झालेलं नाही. डीएनएवर बसणाऱ्या रासायनिक खुणांपैकी बहुतेक दोनदा पुसल्या जातात : एकदा बीजपेशी तयार होताना, आणि पुन्हा फलनानंतर. गर्भावर थेट होणारा परिणाम मात्र खरा आहे. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या उपासमारीच्या ऐन काळात गर्भधारणा झालेल्या मुलांत पुढे स्किझोफ्रेनिया सुमारे दुप्पट आढळला. पण ते गर्भाचं कुपोषण आहे, आठवणींचा वारसा नव्हे. आईचा त्रास मुलांपर्यंत पोचतो तो बहुधा घरातल्या रोजच्या वागण्यातून, आणि तिथे तिच्यावर उपचार केल्याने फरक पडतो.

प्रश्न : मला बायपोलर आहे, व्हॅल्प्रोएट चालू आहे. बाळाला माझी जनुकं जातील या भीतीने आई व्हायचं टाळते आहे.

जनुकांपेक्षा तुमच्या गोळीची काळजी आधी करा. आई किंवा वडिलांपैकी एकाला बायपोलर असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात पाच ते दहा. व्हॅल्प्रोएटवर असताना गर्भ राहिला तर शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग दिसतं, त्यात पाठीच्या कण्याचे दोषही येतात, आणि ३० ते ४० मुलांचा बौद्धिक किंवा वर्तनाचा विकास मागे पडतो. कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच मिटते. म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. फोलिक अॅसिड घ्यायलाच हवं, पण व्हॅल्प्रोएटचा धोका त्याने पुसला जात नाही.

म्हणून गर्भनिरोधन चालू ठेवूनच मानसोपचारतज्ज्ञांशी बोला आणि औषध बदलून घ्या. नव्या औषधावर मन काही महिने स्थिर राहिल्यावर गर्भधारणेचा विचार करा. स्वतःहून गोळी बंद करू नका. २०१६ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात, गरोदरपणी औषधाविना राहिलेल्या बायपोलर स्त्रियांपैकी ६६ टक्के प्रसूतीनंतर पुन्हा आजारी पडल्या. औषध चालू असलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होतं. लिथियम ठरलं तर गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी करावी लागते. गरोदरपणात मूत्रपिंडं लिथियम जास्त वेगाने बाहेर टाकतात, म्हणून रक्तातली पातळी वरचेवर तपासतात. प्रसूती झाल्यावर तो वेग एकदम उतरतो, तेव्हा डोस त्याच दिवसांत पुन्हा बसवावा लागतो.

प्रसूतीनंतरचे पहिले चार आठवडे सगळ्यात नाजूक असतात, आणि उन्मादाची पहिली खूण बहुधा झोप उडणं ही असते. रात्री बाळाला कोण घेणार, तुम्हाला सलग पाच-सहा तास झोप कशी मिळणार, झोप येईनाशी झाली तर कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा, हे सातव्या-आठव्या महिन्यातच कागदावर लिहून घरच्यांच्या आणि प्रसूतितज्ज्ञांच्या हाती द्या.